ओले मीठ आणि सिगारचा डबा

इंदूरमधील आमच्या एका काकांना कोणीतरी परदेशातून सिगारची पेटी आणून दिली, आणि ती ताजी राहावी म्हणून त्यांनी ऐन मे महिन्यात फ्रिजमध्ये ठेवली. महिन्याभराने पाहतात तो सिगारचे वरचे पान पापडासारखे तडकलेले! (तंबाखू घातक आहे, हे वेगळे सांगायला नको, येथे प्रश्न हवेतील पाण्याचा आहे.) थंड म्हणजे ओलसर हा समज चुकीचा आहे, कारण फ्रिजच्या सर्वांत थंड भागावर बाष्प गोठून बसते आणि उरलेली हवा कोरडी होते.

विशिष्ट तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प मावते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, ही झाली सापेक्ष आर्द्रता. सिगारला ती साधारण ६५ ते ७० टक्के लागते. त्याहून फार वाढली तर बुरशी धरते, आणि उष्माही वाढला तर पानात दडलेल्या अंड्यांतून तंबाखूच्या भुंग्याच्या अळ्या बाहेर पडतात.

काकांनी मग हवाबंद डबा, ओला स्पंज आणि काट्याचा आर्द्रतामापक आणला. पण काट्यावर विश्वास किती ठेवावा? त्याची परीक्षा मीठ घेते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब थेंब पाणी घालावे. ते विरघळू न देता ओल्या वाळूसारखे ठेवावे आणि मापकासह दुसऱ्या हवाबंद डब्यात रात्रभर बंद करावे. सकाळी काटा ७५ वर हवा.

७५ च का? मिठाचे सोडियम आणि क्लोराइड आयन पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात, त्यामुळे संपृक्त (ज्यात आणखी मीठ विरघळू शकत नाही अशा) द्रावणाचा बाष्पदाब, म्हणजे त्यातून हवेत जाणाऱ्या बाष्पाचा जोर, शुद्ध पाण्याच्या पाऊणपटच भरतो. डब्यातील हवा याहून दमट असेल तर द्रावण बाष्प ओढून घेते आणि तळाचे थोडे मीठ विरघळते. कोरडी असेल तर पाणी उडून जाते आणि तेवढ्या मिठाचे पुन्हा स्फटिक होतात. दोन्ही वेळी द्रावण संपृक्तच राहते, म्हणून आकडा ढळत नाही. २० अंश सेल्सिअसला तो ७५.५, तर ४० अंशांना ७४.७ असतो, म्हणजे इंदूरच्या उन्हाळ्याचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही.

श्रावणात घराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या मिठाच्या वाटीला पाणी सुटले की तिने ‘नकारात्मक ऊर्जा’ शोषली असे सांगणारे वास्तुतज्ज्ञ भेटतात. तिने शोषलेले असते ते ७५ टक्क्यांवर गेलेल्या पावसाळी हवेतील पाणी.

सिगारसाठी मात्र ७५ जरा जास्तच, म्हणून मिठाचे झाकण केवळ परीक्षेपुरते. बाजारात मिळणाऱ्या आर्द्रता राखणाऱ्या पुड्यांत युक्ती हीच असते, फक्त क्षार निराळे. उदाहरणार्थ, संपृक्त पोटॅशियम आयोडाइड २५ अंशांना सुमारे ६९ टक्के राखते.

काकांचा काटा त्या सकाळी ६८ वर होता, म्हणजे सात टक्के कमी दाखवणारा. सिगारच्या डब्यात तो ६२ दाखवतो म्हणून ते स्पंज आणखी भिजवायला निघाले होते. तिथली खरी आर्द्रता ६९ होती.