खडाखडीविना कुस्ती : अंध ज्युदोची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात जत्रेच्या फडाला बसलेल्या माणसाला खडाखडी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सलामी झाली की दोघे पैलवान एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकतात, झटकतात, पुन्हा टाकतात. समोरच्याचा पाय कुठे आहे, खांदा कधी झुकतोय, याचा अंदाज चाललेला असतो, आणि तो बराचसा डोळ्यांनी घेतला जातो.

अंध खेळाडूंच्या ज्युदोत नेमका हाच भाग नाही. दोघांना गादीच्या मध्यभागी आणून समोरासमोर उभं करतात. एक हात समोरच्याच्या बाहीवर, दुसरा जॅकेटच्या गळपट्टीवर, अशी दोघांची पकड बसल्यावरच पंच ‘हाजिमे’, म्हणजे सुरू करा, म्हणतो. पकड पूर्ण सुटली की ‘माते’, म्हणजे थांबा. पुन्हा मध्यभागी, पुन्हा पकड. फेकणं, दाबून धरणं, हात अडकवणं हे सगळं डोळस खेळाडूंच्या ज्युदोसारखंच. एवढ्या एका बदलावर हा खेळ उभा आहे, म्हणून त्याचा इतिहास सांगताना मी आधी पकडीपाशी थांबलो.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात, जेमतेम बारा चटयांच्या जागेत, ज्युदो शिकवायला सुरुवात केली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले जीवघेणे डाव त्यांनी सरावातून वगळले. समोरच्याच्या जोराला जोर न भिडवता त्याचाच तोल त्याच्याविरुद्ध वापरायचा, हे सूत्र ठेवलं. तोल जातोय हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं. जॅकेटच्या कापडाला ताण बसला की वजन कोणत्या पायावर गेलं ते मनगटापर्यंत पोचतं. दृष्टी नसलेल्या माणसाला हा खेळ जवळचा वाटतो तो इथे.

ज्युदो १९६४ मध्ये टोकियोत ऑलिंपिकला आला. अंध पुरुषांच्या ज्युदोला पॅरालिंपिकमध्ये जागा मिळाली ती १९८८ ला सोलमध्ये, आणि स्त्रियांना तर थेट २००४ ला अथेन्समध्ये. ही सोळा वर्षांची वाट मला आजही खटकते.

त्याहून मोठा अन्याय मात्र बराच काळ गादीवरच चालू होता. काहीच न दिसणारा आणि अंधूक दिसणारा, दोघे एकाच गटात लढत. बाहीवरच्या लाल वर्तुळावरून पूर्ण अंध खेळाडू पंचांना ओळखता येई, पण समोरच्याला थोडं दिसत असेल तर त्या वर्तुळाने फारशी भरपाई होत नसे. ब्राझीलचा अंतोनियो तेनोरियो याच व्यवस्थेत खेळला. तेराव्या वर्षी त्याचा एक डोळा गेला, पुढे काही वर्षांत संसर्गाने दुसराही. तरी त्याने १९९६ ते २००८ अशी सलग चार पॅरालिंपिक सुवर्णपदकं जिंकली, आणि २०१६ ला रिओमध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी रौप्य. त्याचं यश बघून व्यवस्था बरोबरच होती असं म्हणणं चूक ठरेल. तेनोरियो एखादाच निघतो.

२०२२ पासून जे१ आणि जे२ असे दोन स्वतंत्र गट झाले. जे१ मध्ये पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण अंध, जे२ मध्ये अंशतः दिसणारे. पॅरिसला २०२४ मध्ये हे गट पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदा वेगळे खेळले. त्याची किंमतही मोजावी लागली. पुरुषांचे सात आणि स्त्रियांचे सहा वजनगट होते, ते प्रत्येकी चार उरले. मधल्या वजनाच्या खेळाडूला एकतर वजन उतरवावं लागलं, नाहीतर स्वतःपेक्षा जड माणसाशी लढावं लागलं.

भारताला या बदलानंतर लगेच पदक मिळालं. मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्याच्या कपिल परमारला लहानपणी शेतातल्या पाण्याच्या पंपाचा विजेचा धक्का बसला. तो कित्येक महिने बेशुद्ध होता आणि पुढे दृष्टी गेली. भावासोबत चहाची टपरी चालवत तो सराव करत राहिला. हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं. ५ सप्टेंबर २०२४ ला पॅरिसमध्ये साठ किलोच्या जे१ गटात ब्राझीलच्या खेळाडूला अवघ्या ३३ सेकंदांत हरवून त्याने कांस्य जिंकलं. पॅरालिंपिक ज्युदोतलं हे भारताचं पहिलं पदक. आदल्याच दिवशी आपल्या शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य मिळवलं होतं.

कपिलच्या आधीही मध्य प्रदेशातच एक वाट पडली होती. जबलपूर भागातल्या जानकी गौडची दृष्टी लहानपणी गोवराने गेली. अंध मुलींना स्वसंरक्षण शिकवण्याच्या उपक्रमातून ती ज्युदोकडे वळली, आणि २०१७ मध्ये ताश्कंदच्या आशियाई-ओशनिया स्पर्धेतून कांस्य घेऊन आली.

अशा उपक्रमातल्या मुली पहिल्यांदा शिकतात ते पडणं. हनुवटी छातीला लावायची, तळहात गादीवर आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. ठेच लागेल या धाकात वाढलेल्या मुलीला आपण पडलो आणि काही झालं नाही, हे शंभरदा अनुभवता येतं. पदकाआधीची ही कमाई मला फार मोठी वाटते.

सोलापूर शहरात तालमी आहेत आणि अंधशाळाही आहे. धोबीपछाड येणाऱ्या वस्तादाला ज्युदोतला सेओई-नागे परका वाटणार नाही. दोन्हीत समोरच्याला पाठीवर घेऊनच फेकायचं असतं. तालमीत डाव शिकवतानाही वस्ताद नुसता बोलत नाही. तो पोराचा हात धरून आपल्या कमरेवर ठेवतो, पाय पायाने सरकवतो, आणि जोर कुठून आला ते त्याला अंगाने कळू देतो.