नळी निघाली, पण फुगे तिथेच आहेत

छातीत घातलेल्या नळीला जोडलेल्या, पलंगाखालच्या बाटलीतले बुडबुडे थांबले, की नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये शिरलेली हवा (या आजाराला न्यूमोथोरॅक्स म्हणतात) निघून गेलेली असते, मिटलेलं फुफ्फुस एक्स-रेवर पुन्हा बरगड्यांना टेकलेलं दिसतं, मग नळी निघते आणि डिस्चार्ज कार्ड हातात पडतं. दारातून बाहेर पडताना एक प्रश्न मात्र हमखास येतो : पुन्हा नाही ना होणार?

ढोबळ उत्तर असं, की तिघांपैकी एकाला होतं. तेरा हजारांहून अधिक रुग्णांची आकडेवारी एकत्र करून २०१८ साली झालेल्या विश्लेषणात हे प्रमाण ३२ टक्के आलं. त्यातला बहुतेक वाटा पहिल्याच वर्षातला होता : २९ टक्के. म्हणजे धोक्याचा काळ पहिले बारा महिने. वर्ष निर्धास्त गेलं, तर पुढची वाट बरीच सोपी.

आधीचा आजार नसताना आपोआप होणारा हा न्यूमोथोरॅक्स बहुधा उंच, सडपातळ तरुणांना होतो. फुफ्फुसाच्या शेंड्याशी, वरच्या पातळ आवरणाखाली, काही मिलिमीटरपासून एक-दोन सेंटिमीटरपर्यंतचे हवेचे फुगे तयार झालेले असतात. फुफ्फुस छातीत जणू टांगलेलं असतं. त्याच्या स्वतःच्या वजनामुळे शेंड्याकडचा भाग खालच्या भागापेक्षा जास्त ताणला जातो, आणि छाती जितकी उंच तितका हा ताण अधिक. त्यातला एखादा फुगा फुटतो आणि हवा पोकळीत गळते. नळी ती हवा बाहेर काढते. फुटलेली जागा आपली आपण बुजते. शेजारचे फुगे तसेच राहतात.

‘काहीतरी जड उचललं असेल’ हे घरोघरी ऐकू येणारं निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. फुगा फुटतो तेव्हा माणूस बऱ्याचदा नुसता बसलेला किंवा झोपलेला असतो. त्यामुळे ‘हंडा उचलू नको, जिना चढू नको’ असा वर्षभराचा पहारा निरुपयोगी आहे. पहिले काही आठवडे जपावं, मग हळूहळू नेहमीच्या कामाला लागावं. ढोल-ताशाबद्दल नाशिककरांना शंका येणारच. मोठ्या आवाजाच्या संगीताजवळ उभं असताना फुफ्फुस मिटल्याच्या मोजक्या घटना २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या होत्या. एवढ्यावरून पथकातल्या पोरांना घरी बसवण्याइतका पुरावा मिळत नाही. पण नळी निघून आठवडा झालेल्याने स्पीकरच्या भिंतीला खेटून नाचूही नये.

खरा गुन्हेगार खिशात असतो. १९८७ साली स्टॉकहोममधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना हा आजार होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या २२ पट निघाला, स्त्रियांमध्ये ९ पट. दिवसाला १२ सिगारेटींपर्यंत ओढणाऱ्या पुरुषांत तो ७ पट होता, २२ पेक्षा जास्त ओढणाऱ्यांत सुमारे १०० पट. धुरामुळे बारीक श्वासनलिकांना सूज येते, त्या झडपेसारख्या वागू लागतात. हवा आत जाते, बाहेर पडताना अडकते आणि मागचे फुगे ताणले जातात. सिगारेट सोडून सिन्नरची विडी धरली तरी धूर तो धूरच. गांजाचा दम खोल घेऊन रोखून धरतात, त्यानेही फुफ्फुसात मोठे फुगे झालेले आढळतात, आणि ही गोष्ट डॉक्टरांपासून सगळ्यात जास्त लपवली जाते. ती आईवडिलांना बाहेर पाठवून विचारावी लागते. दुसरीकडे, २०१८ च्या त्याच विश्लेषणात धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये पुन्हा होण्याची शक्यता साधारण चौपट कमी दिसली. इतका फायदा देणारी एकही गोळी नाही. सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन फुकट लागतो.

त्यानंतर महत्त्वाचं म्हणजे ही कितवी वेळ. एकाच बाजूला दुसऱ्यांदा झालं, तर तिसऱ्यांदा होण्याची शक्यता निम्म्याहून वर जाते. म्हणूनच दुसऱ्या खेपेला डॉक्टर ऑपरेशनची भाषा बोलू लागतात. तो घाबरवण्याचा प्रकार नाही.

फुफ्फुस मुळातच आजारी असेल, तर हिशेब आणखी बिघडतो. सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), जुना किंवा चालू टीबी, दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस यांत पुनरावृत्ती तर जास्त होतेच, शिवाय थोडी हवा शिरली तरी दम कोंडतो, कारण राखीव ताकदच नसते. आपल्याकडे पहिल्याच खेपेला थुंकीची टीबीसाठी तपासणी व्हायला हवी. टीबी निघाला, तर नळी हा उपचाराचा लहानसा भाग. गोळ्यांचा कोर्स पूर्ण होणं हा मोठा.

स्त्रियांच्या बाबतीत एक धागा नेहमी सुटतो. २०१८ च्या त्याच विश्लेषणात पुनरावृत्तीची शक्यता स्त्रियांमध्ये जास्त दिसली. पाळी सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून पुढच्या तीन दिवसांत, बहुतेकदा उजव्या बाजूला, छातीत कळ येऊन हवा भरत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर किंवा छातीत वाढल्याचा संशय घ्यावा. कॅलेंडरवर पाळीची आणि दुखण्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली, तरी निम्मं निदान होतं. घरात आणखी कुणाला हा त्रास झाला असेल, किंवा पेशंटचे हात उंचीच्या मानाने फार लांब असतील, तर तेही सांगावं. मार्फानसारखे, शरीराची जोडऊती कमजोर करणारे आनुवंशिक आजार असेच सापडतात.

आता प्रवास. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. छातीत कोंडलेली एक लिटर हवा घेऊन कुणी साल्हेर किल्ल्याच्या १५६७ मीटर उंच माथ्यावर गेला, तर ती फुगून एक लिटर शंभर-सव्वाशे मिली होईल. नाशिकच्या ओझर विमानतळावरून विमानात बसला, तर केबिनमधला दाब जास्तीत जास्त सुमारे २४०० मीटर उंचीइतका उतरतो. तिथे तिची सव्वा लिटर होईल. त्यामुळे फुफ्फुस पूर्ण फुलल्याचं एक्स-रेवर दिसल्यानंतर आणखी किमान एक आठवडा विमान टाळावं. तसं विमानाने आजार पुन्हा होण्याचं प्रमाण वाढतं असं नाही. पण झालंच, तर आकाशात नळी टाकायला कोण आहे? स्कूबा डायव्हिंग मात्र कायमचं बंद, दोन्ही बाजूंचं ऑपरेशन झालेलं नसेल तर.

प्रत्येकाला नळी लागतेच असंही नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ३१६ रुग्णांच्या २०२० सालच्या चाचणीत एका गटाला नळी टाकली, दुसऱ्याला नुसतं देखरेखीखाली ठेवलं. वर्षभरात पुन्हा होण्याचं प्रमाण नळीवाल्यांत १६.८ टक्के आणि थांबलेल्यांत ८.८ टक्के निघालं. फुटलेल्या जागेला शांतपणे बुजायला वेळ मिळत असावा. हवा दिवसाला साधारण दीड-दोन टक्के या गतीने शोषली जाते, म्हणून हा मार्ग आठवड्यांचा आहे, आणि धाप नसलेल्या, अन्यथा धडधाकट माणसासाठीच.

ऑपरेशन दुर्बिणीने, दोन-तीन छिद्रांतून होतं. शेंड्याचा फुगेवाला तुकडा स्टेपलरने कापून काढतात. मग छातीत सलाइन ओतून फुफ्फुस हळूच फुगवतात आणि बुडबुडे येतात का बघतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या टबात फिरवतो, तसंच. नंतर बरगड्यांच्या आतलं आवरण खरवडतात किंवा निर्जंतुक टाल्क पावडर टाकतात, म्हणजे सूज येऊन फुफ्फुस भिंतीला चिकटतं. पुढे फुगा फुटला, तरी हवेला साठायला जागाच उरत नाही. चिकटण्याचे पहिले दोन दिवस चांगलेच दुखतात. दुखण्याचं औषध मागून घ्यावं, कारण दुखतं म्हणून खोल श्वास न घेणारा पेशंट कफ साठवून घेतो. यानंतर पुनरावृत्ती साधारण पाच टक्क्यांच्या आसपास येते, शून्य होत नाही.

शिवाय हे सगळं एका बाजूचं. उजव्या बाजूचं ऑपरेशन झालेल्याला डावीकडे अचानक कळ आली आणि श्वास अपुरा वाटला, तर ‘माझं तर ऑपरेशन झालंय’ म्हणून गॅसची गोळी घेऊन झोपू नये, त्याच दिवशी एक्स-रे काढावा. ओठ निळे पडले, नाडी भरधाव सुटली, वाक्य पूर्ण बोलता येईना, तर एक्स-रेच्या रांगेत उभं राहू नये. १०८ ला फोन करावा आणि जुनं डिस्चार्ज कार्ड सोबत घ्यावं.