युद्धात बुडालेली जहाजे आणि विकिपीडियाचे स्वयंसेवी संपादन

विकिपीडियासारख्या मुक्त ऑनलाइन विश्वकोशात कोणीही वाचक नोंद लिहू शकतो, दुसऱ्याची नोंद दुरुस्त करू शकतो. हे काम विनामोबदला आणि बहुधा टोपणनावाने चालते. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी. मराठीत या कामाची स्वतःची बोली तयार झाली आहे. कच्चे लिखाण 'धूळपाटी'वर करायचे, सगळ्यांशी संबंधित वाद 'चावडी'वर न्यायचा, पान वगळण्याचा अधिकार असलेला सदस्य तो 'प्रचालक', आणि नेमून दिलेले बदल आपोआप करत सुटणारा प्रोग्रॅम तो 'सांगकाम्या'. हा शेवटचा शब्द 'बॉट'पेक्षा कितीतरी नेमका आहे, कारण सांगितले तेवढेच करण्याचा त्याचा गुण आणि दोष दोन्ही त्यात येतात.

प्रत्येक पानामागे 'इतिहास' आणि 'चर्चा' अशी दोन पाने असतात. कोणी कोणत्या मिनिटाला कोणता शब्द बदलला हे पहिल्यात दिसते, का बदलला यावरची भांडणे दुसऱ्यात. मुख्य दंडक असा की मजकुराला प्रकाशित आधार हवा आणि संपादकाने स्वतःचे मूळ संशोधन घालू नये. 'माझे आजोबा त्या बोटीवर होते' ही माहिती शंभर टक्के खरी असली तरी ती घालता येत नाही. नवख्यांना हा नियम उर्मट वाटतो, पण जिथे लिहिणाऱ्याची ओळखच ठाऊक नाही तिथे दुसरा मार्गही नाही.

या कामाचा एक चिवट कोपरा म्हणजे जहाजबुडीच्या याद्या. इंग्रजी विकिपीडियावर दुसऱ्या महायुद्धातील बुडालेल्या जहाजांच्या महिनावार याद्या आहेत, आणि प्रत्येक महिन्यात तारीखवार तक्ते. सप्टेंबर १९३९च्या यादीत ३ तारखेखाली 'अथेनिया' आहे. यू-३० या जर्मन पाणबुडीने त्या प्रवासी जहाजावर ब्रिटनने युद्ध पुकारले त्याच दिवशी टॉर्पिडो मारला आणि ते दुसऱ्या दिवशी बुडाले. तक्त्याचे रकाने तीनच : जहाज, देश, वर्णन. पाहणाऱ्याला वाटते, हे भरायला कितीसा वेळ लागणार?

१४ एप्रिल १९४४ ही तारीख घेऊन पाहावे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या ७,१४२ टनी जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा होत्या. कापूस पेटला आणि दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आसपासची डझनभर जहाजे गेली. त्या दिवशीच्या तक्त्यात 'फोर्ट स्टिकीन'ची ओळ सरळ आहे. अडचण पुढच्या ओळींची. सिंदिया या भारतीय जहाजकंपनीच्या 'जलपद्म'चा मागचा भाग स्फोटाच्या लाटेने उचलून धक्क्यावर आणून टाकला. जहाज कायमचे गेले खरे, पण ते बुडाले म्हणायचे का? काही जहाजे जळून निकामी झाली, मात्र तळ गाठला नाही. 'जनराल व्हान डर हेइडेन' या डच जहाजाचे स्पेलिंग कुठे 'वाय'ने, कुठे 'आयजे'ने, त्यामुळे तेच जहाज दोनदा मोजले जाण्याचा धोका. मृतांचा आकडा ८०० पासून १,३०० पर्यंत कुठेही फिरतो. युद्धकाळातल्या बातमीबंदीमुळे त्या दिवसांची वृत्तपत्रेही फारशी कामाला येत नाहीत. अशा वेळी जाणता संपादक एक आकडा निवडत नाही, कोणता आधार काय सांगतो ते दोन्ही बाजूंनी लिहितो. मृतांत अग्निशमन दलाचे जवान होते आणि त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो, हे मात्र सगळीकडे एकसारखे सापडते.

तारखेचा घोळ वेगळा. जपानी नौदल कुठेही असले तरी टोकियोच्या वेळेने रोजनिशी लिहीत असे, आणि टोकियोचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेच्या साडेतीन तास पुढे. त्यात भर म्हणजे सप्टेंबर १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत भारतातली घड्याळेही तासभर पुढे केलेली होती. अरबी समुद्रात रात्री अकराला सुटलेला टॉर्पिडो पाणबुडीच्या वहीत दुसऱ्या दिवशी जातो आणि वाचलेल्या खलाशाच्या जबानीत त्याच दिवशी राहतो. दोन संपादक एकमेकांचा बदल उलटवत बसतात आणि दोघेही बरोबर असतात.

टनांचेही तसेच. व्यापारी जहाजाच्या नावापुढे येणारा ग्रॉस रजिस्टर टन हे वजन नव्हे, १०० घनफूट जागेचे माप आहे. युद्धनौकेचे टन म्हणजे तिने सारलेल्या पाण्याचे वजन. दोन्ही एका बेरजेत घालणारे संपादन दर काही महिन्यांनी कोणीतरी करतोच.

दावे आणि खरे नुकसान यांत अंतर असते. अमेरिकी पाणबुड्यांनी सुमारे चार हजार जपानी जहाजे बुडवल्याचा दावा होता. सैन्य व नौदलाच्या संयुक्त समितीने १९४७ मध्ये तपासून १,३१४ मान्य केली. पण या समितीने ५०० टनांखालची व्यापारी जहाजे मोजलीच नाहीत, म्हणून मचवे, छोट्या मालवाहू बोटी, मासेमारी नावा तिच्या अहवालात नाहीत. त्यासाठी जपानी नोंदी लागतात, आणि ती लिपी वाचणारे संपादक थोडे.

माणसे हा यादीचा सर्वांत पोकळ भाग. मुंबईहून मोम्बासाकडे निघालेले 'तिलावा' २३ नोव्हेंबर १९४२ रोजी आय-२९ या जपानी पाणबुडीने बुडवले. जहाजावरच्या ९५८ जणांपैकी २८० जण गेले, बरेचसे पूर्व व दक्षिण आफ्रिकेला निघालेले भारतीय. देशाच्या रकान्यात येथे चूक होते : मालक 'ब्रिटिश इंडिया' नावाची कंपनी, पण जहाजाची नोंदणी ब्रिटनची. ब्रिटिश जहाजांवर सारंग, तांडेल, खलाशी म्हणून कोकणातले आणि स्वयंपाकी, बटलर म्हणून गोव्याचे लोक मोठ्या संख्येने होते. जुन्या अहवालांत अधिकाऱ्यांची नावे येतात, यांचा फक्त आकडा. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या भारतीय नौसैनिक-खलाशांची सुमारे साडेसहा हजार नावे मुंबई आणि चितगाव येथील स्मारकांच्या वह्यांत आहेत. मुंबईची वही मशीद बंदरच्या खलाशीगृहात आहे. ती नावे यादीतल्या जहाजांशी जोडणे हे विकिपीडियाच्या नियमांत बसणारे आणि अजून बरेचसे न झालेले काम आहे.

जहाज बुडाले म्हणून नोंद थांबत नाही. 'तिलावा'तली चांदी सुमारे अडीच किलोमीटर खोलवरून २०१७ मध्ये वर काढली गेली. दोन हजार तीनशेहून अधिक लगडी होत्या, आणि त्या वर काढल्याच्या मोबदल्याचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल लागला. जावा समुद्रात फेब्रुवारी १९४२ मध्ये बुडालेल्या 'द राउटर' आणि 'जावा' या डच युद्धनौकांचे सांगाडे २०१६ मध्ये जागेवर नसल्याचे आढळले. भंगारासाठी ते चोरून उचलले गेले होते. तेव्हापासून अवशेषांचे अक्षांश-रेखांश नेमके द्यावेत की नाही, हा प्रश्न चर्चा पानांवर टोकदार झाला आहे. माहिती मुक्त हवी हे मान्य, पण त्या जागी शेकडो माणसे निजलेली आहेत.

मराठीत अशी महिनावार यादी करायची तर पहिली गाठ नावांशी पडेल. मराठी वाचकाला जहाजबुडी म्हटले की १७ जुलै १९४७ची 'रामदास' बोट आठवते. ती रेवसला जाताना काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, पण ती युद्धकालीन यादीत बसत नाही. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुड्यांनी बुडवलेली सिंदियाची तीन जहाजे बसतात. रोमन लिपीतून यांत्रिक लिप्यंतर केले की त्यांतले एक 'जालातारंग' होते. मराठी संपादकाला शब्दकोश उघडावा लागत नाही : जलराजन, जलतरंग, जलपालक.