आग नसली की जवान रिकामा?
‘आग लागली तरच काम, एरवी केंद्रात बसून पगार’ हा अग्निशमन दलाविषयीचा जुना समज खरा नाही. मुंबईत या जवानांना पावसाळ्यात उन्मळलेली झाडे, कोसळलेल्या इमारती, अडकलेल्या लिफ्ट, इतकेच काय, मांज्यात गुंतलेली घारही सोडवावी लागते आणि मधल्या वेळात कवायत व पंपाची तपासणी चालूच असते. कायम नोकरी आणि लोकांत मान आहे, हे मान्य. पण धोका ज्वाळांपुरता नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात दलाचे ६६ जण गेले, हे दरवर्षी आठवले जाते. मात्र आग विझल्यावर गणवेशाला चिकटून राहणाऱ्या काजळीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये हा व्यवसायच कर्करोगकारक ठरवला आहे.