चढावरचा अर्धा क्लच

ओहोटी लागलेली असली की गोव्यात चोडण बेटाहून आलेली फेरीबोट रायबंदरच्या धक्क्याला बरीच खाली लागते आणि उतरणाऱ्या गाड्यांच्या वाट्याला ओला, निसरडा चढ येतो. अशा वेळी पुढची गाडी अडली तर मागच्याने हँडब्रेक ओढून थांबावे. पण बरेच जण क्लचचे पेडल अर्धवट सोडून आणि अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून गाडी चढावर तोलून धरतात. गाडी तसूभरही हलत नाही, त्यामुळे काही झिजत असेल असे मनातही येत नाही. थोड्या वेळाने करपल्यासारखा उग्र वास येतो. माझ्या जुन्या गाडीची क्लच प्लेट मी याच धक्क्यावर अशी जाळली आहे, आणि तो वास आता कुठेही ओळखू येतो.

इंजिन मिनिटाला सातआठशे फेऱ्यांच्या खाली नीट चालत नाही आणि थांबलेल्या गाडीची चाके तर शून्यावर असतात. हे अंतर भरून काढण्यासाठी इंजिन आणि चाके यांना जोडणाऱ्या क्लचला काही क्षण घसरू द्यावे लागते. इंजिनाबरोबर फिरणारे जड चक्र म्हणजे फ्लायव्हील आणि त्यावर बसवलेली प्रेशर प्लेट यांच्यामध्ये गिअरबॉक्सला फिरवणारी क्लच प्लेट असते. पेडल सोडले की वाटीच्या आकाराची पोलादी स्प्रिंग तिला घट्ट दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगची बोटे आत ढकलते आणि पकड सुटते. घर्षणाची उष्णता निर्माण होते ती या दोन अवस्थांच्या मधल्या वेळात.

ती उष्णता किती, याचा हिशेब मांडता येतो. माणसांसह ८०० किलो वजनाची गाडी सपाट रस्त्यावर ताशी १० किलोमीटरचा वेग घेते तेव्हा तिला सुमारे ३,००० जूल गतिज ऊर्जा मिळते, आणि इंजिनाचा वेग स्थिर ठेवला असेल तर साधारण तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. हा खर्च टाळता येत नाही, आणि प्लेट तो वर्षानुवर्षे सोसते. आता तीच गाडी दहास एक अशा चढावर अर्ध्या क्लचवर धरून ठेवली आणि इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर फिरत असले, तर चाके जागची हलत नसल्याने क्लचपर्यंत पोहोचलेली सगळी शक्ती उष्णतेत जाते. ही शक्ती सुमारे २,००० वॉट भरते, म्हणजे न्हाणीघरातल्या गिझरएवढी. अर्ध्या मिनिटात ६०,००० जूल, म्हणजे सपाटीवर वीस वेळा गाडी सुरू करून वेगात आणण्याइतकी उष्णता प्लेट त्या एका थांब्यात सोसते. म्हणूनच ‘क्लच किती किलोमीटर टिकतो’ या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या चढावर रोज अडकणारी गाडी आणि महामार्गावर धावणारी गाडी यांच्या प्लेटा सारख्या झिजणे शक्यच नाही.

मारुती ८०० सारख्या जुन्या छोट्या गाड्यांत क्लच केबलने ओढला जातो, आणि तेथे पेडलची मोकळी चाल, म्हणजे क्लच सुटू लागण्याआधी पेडल जेवढे सैल दबते ते अंतर, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. प्लेटवरचे घर्षणाचे अस्तर झिजते तशी स्प्रिंगची बोटे बेअरिंगकडे सरकतात आणि ही चाल कमी होत जाते. ती पूर्ण संपली की बेअरिंग स्प्रिंगला सतत किंचित दाबून ठेवते, पकड सैल पडते आणि चांगली प्लेटही घसरून जळते. त्यामुळे केबलचा नट फिरवून माहितीपुस्तिकेत दिलेली चाल वेळोवेळी राखावी. काम पाच मिनिटांचे आहे. केबलऐवजी तेलावर चालणारा क्लच असेल तर ते तेल हवेतली वाफ शोषते, आणि गोव्याच्या दमट हवेत ते दर दोन वर्षांनी बदलणे मला आवश्यक वाटते.

दुखणे कानानेही ओळखता येते. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट घसरते आहे. पेडल दाबताच घरघर सुरू झाली तर बहुधा रिलीज बेअरिंग गेले. न्यूट्रलमध्ये असलेली घरघर पेडल दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा संशय घ्यावा. गाडी निघताना थरथरली तर प्लेटवर तेल गळले असण्याची शक्यता असते.

आपल्याकडे आणखी एक प्रकार घडतो. जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांच्या गाड्या अख्खा पावसाळा अंगणात उभ्या राहतात, फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. मग पेडल दाबूनही गिअर पडत नाही. घरातल्या कोणी पंधरवड्यातून एकदा इंजिन सुरू करून गाडी थोडी पुढेमागे केली तरी हे टळते.

प्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावे. फोंड्याच्या गॅरेजमध्ये माझी जुनी प्लेट हातात घेतली तेव्हा अस्तर रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत झिजले होते आणि प्रेशर प्लेटवर निळसर डाग उमटले होते. पोलादाइतक्या कठीण धातूचा रंग उष्णतेने पालटला होता. फ्लायव्हीलवर असे डाग किंवा चरे असतील तर त्याचा पृष्ठभाग आधी तासून घ्यावा. तेल गळत असेल तर ते अडवणारे सील त्याच वेळी बदलावे, नाहीतर नवी प्लेटही वाया जाते. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे आतली काळी धूळ हवेच्या झोताने उडवू न देता ओल्या फडक्याने पुसण्याचा आग्रह मेस्त्रीकडे अवश्य धरावा. नवी प्लेट मधोमध बसवण्यासाठी दांडा वापरावा, बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळावेत आणि अस्तराला ग्रीसचा हात लागू देऊ नये.

नवे अस्तर फ्लायव्हीलशी पूर्ण जुळायला पहिले काही शे किलोमीटर लागतात. तोवर घाटात भरलेली गाडी नेऊ नये, आणि त्यानंतर केबलची मोकळी चाल पुन्हा एकदा मोजून घ्यावी.