लिनक्सवरील सराउंड चॅनेलांचे आवाज-नियंत्रण

लिनक्स संगणकाला जोडलेल्या ५.१ वा ७.१ स्पीकर-संचात एखादा चॅनेल मुका राहणे, क्षीण वाजणे किंवा भलत्याच स्पीकरमधून ऐकू येणे, या दोषांचा शोध व निवारण. ५.१ मांडणीत पुढचे दोन, मधला, मागचे दोन आणि सबवूफरचा असे सहा चॅनेल असतात.

आवाजाची पातळी येथे एका जागी ठरत नाही. तळाशी कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) अल्सा ही ध्वनियंत्रणा, त्यावर सर्व प्रोग्रामांचा आवाज एकत्र करणारा पल्सऑडिओ वा पाइपवायर हा ध्वनिसर्व्हर आणि सर्वांत वर प्लेअर असतो. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ च्या सुमारास सुरू केलेली अल्सा २००३ अखेरच्या २.६ कर्नलपासून ओएसएस या जुन्या ध्वनियंत्रणेच्या जागी रूढ झाली. पल्सऑडिओचा आरंभ २००४ चा. २००६ हे त्याच्या नामांतराचे वर्ष असून त्याआधी ते पॉलिपऑडिओ होते. फेडोरा ३४ ने (२०२१) ध्वनीसाठी पाइपवायर स्वीकारले.

आवाज कमी असल्याची तक्रार अनेकदा मुळात क्रमाची असते. अल्साचा क्रम पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, मधला, सबवूफर असा आहे. वेव्ह फाइलमध्ये मात्र मधला व सबवूफर तिसऱ्या-चौथ्या जागी येतात आणि मागची जोडी शेवटी. प्लेअरने फेरजुळणी न करता सहा चॅनेल तसेच पुढे ढकलले, तर संवाद मागच्या डाव्या स्पीकरमधून येतात, मागच्या उजव्यात नुसती घरघर उरते आणि मधला स्पीकर बहुतेक वेळ गप्प राहतो. अशा वेळी मधल्याचा आवाज कितीही चढवला तरी उपयोग नाही. अल्साचा क्रम साउंड कार्डावरील सॉकेटांच्या जोड्यांशी नेमका जुळतो. त्यामुळे तो हार्डवेअरवरूनच आला असावा. खात्रीसाठी स्पीकर-टेस्ट ही कमांड सहा चॅनेल व वेव्ह पर्याय देऊन चालवतात. ती प्रत्येक स्पीकरमधून त्याचे नाव उच्चारते.

क्रम बरोबर असल्यास अल्सामिक्सर या टर्मिनलमधील प्रोग्रामात एफ६ ने खरे कार्ड निवडून सराउंड (मागचे), सेंटर (मधला) व एलएफई (सबवूफरचा चॅनेल) या पट्ट्या पाहाव्यात. पट्टीखाली ‘एमएम’ म्हणजे म्यूट. एम दाबल्यावर तेथे ‘००’ येते. यानंतरची अडचण चिवट आहे. पल्सऑडिओ कार्डाचे वेगवेगळे फेडर (आवाजाच्या पट्ट्या) एकाच आवाजात विलीन करतो. त्यामुळे हाताने बसवलेले संतुलन मुख्य आवाज हलवताच विस्कटते. सेटिंग अल्साक्टल या कमांडने साठवूनही हे टळत नाही. कार्डाच्या पट्ट्या कशा हाताळायच्या हे सर्व्हरला सांगणाऱ्या मिक्सर-पाथ फाइलमध्ये त्या घटकाच्या व्हॉल्यूमला ‘मर्ज’ऐवजी ‘इग्नोर’ लिहिणे हा परिणामकारक उपाय, पण पॅकेज अद्ययावत होताच बदल पुसला जाऊ शकतो. पाइपवायरनेही ही पाथ-पद्धत उचलली आहे. त्यापेक्षा पाव्हूकंट्रोल या पल्सऑडिओच्या आवाज-नियंत्रण प्रोग्रामात चॅनेलांचे कुलूप काढून प्रत्येकाची पातळी वेगळी लावणे सोपे.

स्टिरिओ गाण्यात सबवूफर न वाजणे हा दोष नव्हे; पल्सऑडिओमध्ये एलएफई-रीमिक्सिंग, म्हणजे इतर चॅनेलांतून सबवूफरचा आवाज तयार करणे, मुळात बंद असते. सर्व्हरचे प्रोफाइल स्टिरिओवर राहिले असेल, तर मागचे स्पीकर वाजणारच नाहीत. एसपीडीआयएफ या डिजिटल जोडणीतून साधा पीसीएम (न दाबलेला) ध्वनी दोनच चॅनेलांत जातो. डॉल्बी वा डीटीएस हा दाबलेला बहुचॅनेल प्रवाह न उलगडता पाठवल्यास संगणकावरील आवाजाची पट्टी निरुपयोगी ठरते आणि पातळी रिसीव्हरवरच लावावी लागते.