गर्भवाढ : शेवटची तिमाही

गर्भारपणाच्या २८ व्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत होणारी गर्भाची वाढ. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. या हिशेबाने पूर्ण काळ २८० दिवसांचा होतो आणि गर्भाचे खरे वय सुमारे दोन आठवड्यांनी कमी भरते. आरंभी सुमारे १ किग्रॅ. असलेले वजन बहुधा अडीच ते साडेतीन किग्रॅ.पर्यंत जाते. त्वचेखाली चरबी साठते, अंगावरची लव झडते, आईकडून लोह व रोगप्रतिकारक प्रथिने वारेतून बाळाकडे जातात.

निर्णायक प्रश्न फुप्फुसांचा. वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा स्निग्ध पदार्थ साधारण २४ व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो, पण पुरेसा होतो तो ३४–३५ व्या आठवड्याच्या सुमारास. लिगिन्स व हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये न्यूझीलंडमध्ये दाखवून दिले, की अकाली प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड दिल्यास बाळाचा श्वसनत्रास कमी होतो.

‘सातमाशी जगते, अठमाशी जगत नाही’ ही समजूत नागपूरच्या घरांतही आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात (शरीर व गर्भ यांविषयीच्या भागात) आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचे जीवनबळ मानलेले सार, अस्थिर असते, म्हणून त्या वेळी जन्मलेले मूल जगत नाही, असे म्हटले आहे. चरकाच्या मते ओज या महिन्यात आई व गर्भ यांच्यात ये-जा करते. चरकसंहितेचे रूप स्थूलमानाने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचे मानतात. दृढबल या संपादकाने तीत घातलेली भर नंतरची, परंतु चरकाचे शारीरस्थान त्या भरीत मोडत नाही. हिपॉक्रेटीसच्या नावावरील ग्रीक ग्रंथांतही आठमाशी मुलावर स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील युक्तिवाद सात व चाळीस यांसारख्या संख्यांच्या महत्त्वाभोवती फिरतो, येथील ओजाभोवती. त्यामुळे दोन्ही कल्पना स्वतंत्रपणे रुजल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रत्यक्षात एकेका आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढतच जाते. या समजुतीपायी अठमाशी बाळावरचे उपचार लांबणीवर पडू नयेत.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे असल्याने हिमोग्लोबिनमधील बदलाला येथे विशेष अर्थ आहे. गर्भीय हिमोग्लोबिनची जागा प्रौढ हिमोग्लोबिनने घेण्याची क्रिया या तिमाहीत वेग घेते. तरी जन्मवेळी ६० ते ८० टक्के हिमोग्लोबिन गर्भीयच असते आणि ते रक्तपेशींना कोयत्याचा आकार येऊ देत नाही. म्हणून सिकलग्रस्त बाळ जन्मतः ठणठणीत दिसते. त्रास बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास सुरू होतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर दर गर्भारपणात बाळ सिकलग्रस्त असण्याची २५ टक्के शक्यता असते. आई स्वतः रुग्ण असल्यास गर्भाची वाढ खुंटण्याचा व प्रसूती लवकर होण्याचा धोका वाढतो.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. तीव्र उष्णतेचा अकाली प्रसूतीशी संबंध अनेक देशांतील अभ्यासांत आढळला आहे. बाळाची हालचाल मंदावल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो किंवा डागा रुग्णालय गाठावे.